कॉपी पूर्ण बदलतात आणि कारण सांगत नाहीत : जिल्हा आवृत्तीतल्या ट्रेनी रिपोर्टरसाठी

आधी तुझा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते, चुकत असेन तर सांग. जर्नालिझमचा कोर्स करून तू एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत ट्रेनी म्हणून लागलीस, सहा महिने होत आले. बहुतेक दिवस प्रेसनोट टाइप करण्यात जातात. क्राइमला पाठवतात तेव्हा पोलीस स्टेशनला कुणी धड बोलत नाही. दिलेली कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, सकाळी पेपरात बघितली की आपली आहे हे ओळखूसुद्धा येत नाही, आणि का बदलली विचारलं की सीनियर म्हणतात 'येईल हळूहळू'. शेवटी तू विचारलंयस की हे आपल्याला जमणारं नाही असं समजायचं का, आणि पहिल्या वर्षात नक्की शिकायचं तरी काय असतं.

मी बरीच वर्षं मराठवाड्यात जिल्ह्याला रिपोर्टिंग केलं, मग डेस्कला, म्हणजे बातम्या तपासून पानात लावतात तिथे, आले, आणि आता नव्या मुलामुलींच्या कॉप्या बघणं हे माझं रोजचं काम आहे. वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मला असं वाटतं की तक्रारी चार दिसत असल्या तरी दुखणं एकच आहे. तुझ्याकडून लिहून घेतायत पण बातमी कळते कशी हे कुणी दाखवत नाहीये. कॉलेजात इंट्रो, बॉडी, उलटा पिरॅमिड (महत्त्वाचं आधी, बाकीचं खाली) हे सगळं होतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की रिपोर्टिंग म्हणजे चांगलं लिहिणं, आणि कॉपी बदलली की वाटतं आपल्याला लिहिताच येत नाही. पण रिपोर्टरचं निम्म्याहून जास्त काम कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी झालेलं असतं. कुठली गोष्ट कुठल्या कागदावर असते, तो कागद कुणाच्या टेबलावर असतो, त्या माणसाला त्यातलं खरोखर किती माहीत असतं आणि त्याच्याशिवाय अजून कुणाला विचारायला हवं, हे सगळं. माझे पहिले ब्युरो चीफ कॉपी हातात घेतली की प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून एकच विचारायचे, हे तुला कुणी सांगितलं? बास, दुसरं काही नाही. भाषेबद्दल ते जवळपास बोललेच नाहीत कधी. पुढे मी जे काही शिकले ते त्या एका प्रश्नाच्या धाकानं शिकले असं म्हटलं तरी चालेल.

आता यातलं बरंच परिस्थितीवर आहे हे मान्य करते. तुझ्या ऑफिसात माणसं किती आहेत, चीफ कसा आहे, ब्युरोत तीनच जण असतील तर शिकवायला वेळ कुणाला मिळणार. टीव्हीत किंवा वेब पोर्टलला असतीस तर उत्तर वेगळं असतं, तिथे बाइट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) आणि स्पीड आधी येतो. पुण्या-मुंबईत ट्रेनीला एखादी छोटी बीट, म्हणजे ठरलेलं एक क्षेत्र, तरी मिळते, जिल्ह्यात सकाळी झेडपी, दुपारी शाळेचं स्नेहसंमेलन आणि संध्याकाळी अपघात असा दिवस असतो. घरची परिस्थिती हाही मुद्दा आहेच, ट्रेनीच्या मानधनात रूमचं भाडं आणि मेस भागवायची तर किती महिने कळ काढायची हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्यात मी उपदेश करणार नाही. पण तुझ्या हातात असलेलं बरंच काही आहे, त्याबद्दल सांगते.

कॉपीपासून सुरू करू. तू दिलेली प्रत स्वतःकडे ठेवतेस का? नसशील तर आजपासून ठेव, आणि सकाळी छापून आलेली शेजारी ठेवून ओळ ओळ बघ. डेस्कला रात्री कारण सांगायला वेळ नसतो हे खरंच आहे, लांबच्या तालुक्यांची आवृत्ती आधी सुटते, उपसंपादकासमोर दहा-पंधरा कॉप्या पडलेल्या असतात आणि ऐनवेळी जाहिरात येऊन पान बदलतं. पण बदल स्वतःच बोलतात. नव्या मुलांची अपघाताची कॉपी साधारण अशी येते : 'शहरापासून जवळच असलेल्या फाट्यावर काल सायंकाळच्या सुमारास भरधाव ट्रकने दुचाकीस्वारास चिरडल्याने एका तरुणाचा दुर्दैवी मृत्यू झाल्याची हृदयद्रावक घटना घडली असून परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' आणि छापून येतं असं : 'ट्रक आणि दुचाकीच्या अपघातात २४ वर्षांचा तरुण ठार झाला. सोमवारी सायंकाळी सहाच्या सुमारास फाट्यावर हा अपघात झाला.' मग नाव, गाव, कुठून कुठे चालला होता, पोलिसांत काय नोंद झाली.

यात काय काय झालं बघ. 'भरधाव' गेलं, कारण ट्रकचा वेग तुला कुणी सांगितला? 'चिरडलं' गेलं, कारण चूक ट्रकची होती की अजून कशाची हे त्या रात्री कुणालाच ठरवता येत नाही, आणि फिर्यादीत तसं असेल तर 'फिर्यादीत म्हटलं आहे' असं लिहून ते ठेवता येतं. 'हळहळ' गेली कारण ती प्रत्येकच मृत्यूनंतर असते. 'काल' जाऊन वार आला, कारण वेबसाइटवर तीच बातमी आठ दिवसांनी वाचणाऱ्याला काल म्हणजे कधी ते कळत नाही. वय वर आलं, कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापतात आणि चोविसाव्या वर्षी पोरगं गेलं ही गोष्ट कापली जाता कामा नये. तुझी कॉपी बदलली याचं तुला वाईट वाटतंय, पण यातल्या एकाही बदलाचा तुझ्या भाषेशी संबंध नाहीये, काही बदल 'कुणी सांगितलं' याचे आहेत, बाकीचे वाचणाऱ्याला काय कळायला हवं याचे. दोन-तीन आठवडे असं शेजारी ठेवून वाचलंस की डेस्क काय काढणार हे तुला आधीच कळायला लागेल, आणि मग एखादा बदल खरोखर चुकीचा झाला असेल तर तोही दिसेल. तेव्हा मात्र जाऊन विचार, रात्री नको, दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंगच्या आधी, आणि एका वेळी एकच कॉपी घेऊन. 'माझी कॉपी का बदलता' यापेक्षा 'सर, इथे ठार चारचे तीन का केले' असं विचारलं की बहुतेक लोक नीट उत्तर देतात.

आकड्यावरून आठवलं. मृतांचा आकडा जागेवरच्या गर्दीकडून कधीच घेऊ नकोस, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून तर नाहीच. जखमींना वेगवेगळ्या हॉस्पिटलला नेलेलं असतं, कुणाला पुढे सोलापूरला हलवलेलं असतं, आणि दुसऱ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात मृत्यू झाला की तिथे नोंद होऊन कागद मूळ पोलीस स्टेशनकडे वर्ग होतात, त्यामुळे एकच माणूस दोन ठिकाणच्या आकड्यात मोजला जातो. सिव्हिलला पोलीस चौकी असते, तिथल्या रजिस्टरमध्ये एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस) नोंद असते, तिथे विचार आणि मग पोलीस स्टेशनला ताडून बघ. दोन्हीकडे एकच आकडा आला तर लिही, नाहीतर कमी असलेला आकडा लिहून कुणी दिला तेही लिही. आणि मृताचं नाव द्यायच्या आधी घरच्यांना कळलंय का हे विचारून घे. पोर्टलवर नाव आधी जातं आणि आईला ते शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कळतं, हे मी बघितलंय, आणि त्यापेक्षा ती बातमी अर्धा तास उशिरा गेलेली कधीही परवडली.

प्रेसनोटबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. मला प्रेसनोट हे ट्रेनीला मिळणारं सगळ्यात चांगलं ट्रेनिंग वाटतं, अट एवढीच की ती टाइप करायला मिळालीय असं समजायचं नाही. प्रत्येक प्रेसनोट म्हणजे कुणीतरी जे सांगायचंय तेवढंच सांगून ठेवलेलं असतं, आणि तुझं काम त्यात काय नाही ते शोधणं. समज झेडपीच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाची नोट आली की तालुक्यातल्या इतक्या टक्के घरांना नळजोडणी पूर्ण. आता जलजीवन मिशन आलं २०१९ ला, २०२४ पर्यंत गावातल्या प्रत्येक घरात नळ हे उद्दिष्ट होतं आणि २०२५ च्या बजेटमध्ये मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी मिळणं धरलेलं आहे. म्हणजे नुसता पाइप घरापर्यंत आला याला जोडणी म्हणायचं का पाणी आलं याला? हे नोटमध्ये नसतं. मग त्या यादीतलं एक गाव निवड, शक्यतो बसनं जाता येईल असं, दुपारी जाऊन चार घरांत बायकांना विचार की नळाला पाणी शेवटचं कधी आलं आणि किती वेळ आलं. ग्रामपंचायतीत विचार की टाकी झालीय का, उद्भव विहीर, म्हणजे योजनेला पाणी देणारी विहीर, कुठे आहे, उन्हाळ्यात तिला पाणी असतं का. परत येऊन कार्यकारी अभियंत्यांच्या ऑफिसात कार्यारंभ आदेशाची (वर्क ऑर्डरची) तारीख विचार, त्यात काम पूर्ण करायची मुदत लिहिलेली असते, मुदतवाढ दिली का आणि ठेकेदाराला दंड केला का हे पुढचे दोन प्रश्न. एवढं केलंस की त्याच प्रेसनोटमधून पहिल्या पानाची बातमी होऊ शकते. नाही झाली तरी एका विभागाचं काम कसं चालतं हे तुला कळलेलं असेल, आणि ते पुढच्या पंधरा बातम्यांना पुरतं.

पावसाळ्यात कलेक्टर ऑफिसमधून पावसाची आकडेवारी येते तीही अशीच नुसती छापायची नसते. जिल्ह्याची सरासरी बघून काही कळत नाही, महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) तक्ता बघायचा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात आणि मग पंचनामे, मदत असं सगळं त्यावरून पुढे जातं. एखाद्या मंडळात आकडा ६३ असेल आणि शेजारच्या मंडळात ७०, तर मधल्या बांधावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी आहे. पर्जन्यमापक कुठल्या गावात बसवलाय आणि ओढ्याला पूर कुठे आला हे जाऊन बघणारा रिपोर्टर लागतो, प्रेसनोटला ते दिसत नाही.

आता पोलीस स्टेशन. तिथे बोलत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की आपण फक्त गुन्हा घडल्यावर जातो आणि थेट पीआयला, म्हणजे पोलीस निरीक्षकांना, भेटायला बघतो. पीआय बंदोबस्तात, मीटिंगमध्ये किंवा फोनवर. तुला भेटायचंय ते ठाणे अंमलदाराला, जो समोर टेबलाला बसलेला असतो आणि ज्याला २४ तासांत काय दाखल झालं ते माहीत असतं. रोज ठरलेल्या वेळेला जा, काही नसलं तरी जा, पाच मिनिटं बस आणि निघ. सुरुवातीला ते 'काही नाही मॅडम' म्हणतील, म्हणू देत. मला तरी असं दिसलंय की रोज येणाऱ्या माणसाशी लोक शेवटी बोलतात, आणि त्याला चहापाणी, ओळखपाळख, वशिला असलं काही लागत नाही.

दुसरं म्हणजे एफआयआर मागायला घाबरू नकोस. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलंय की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा, लैंगिक गुन्हे किंवा तसे संवेदनशील गुन्हे सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर प्रकाशित एफआयआर बघता येतात, जिल्हा आणि पोलीस स्टेशन टाकून रोज सकाळी बघायची सवय लाव. वाचताना हे लक्षात ठेव की एफआयआर म्हणजे फिर्यादीनं जे सांगितलं ते, तपासाच्या आधीचं. त्यातलं एकही वाक्य आपलं म्हणून लिहायचं नाही, 'फिर्यादीनुसार' हा शब्द कंटाळवाणा वाटला तरी लिहायचा. ज्याच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला त्यालाही फोन करायचा, उचलला नाही तर किती वाजता केला ते डायरीत लिहायचं आणि बातमीत 'संपर्क होऊ शकला नाही' असं टाकायचं. बदनामीची नोटीस आली की वकील आधी तुझी डायरीच मागतात.

कलमांचा गोंधळ तुला होत असेल तर तो सगळ्यांचाच होतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण कट्ट्यावर आणि चौकीत अजून जुनीच भाषा चालते. खून म्हणजे तीनशे दोन म्हणतात, कागदावर आता १०३ असतं. खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९ झाला, फसवणूक ४२० ची ३१८, निष्काळजीपणानं मृत्यू ३०४ अ चा १०६. १ जुलैच्या आधीच्या घटनेला जुनंच कलम लागतं, म्हणून कोर्टात दोन्ही ऐकू येतील. एक कागद करून टेबलाला चिकटव, महिनाभरात पाठ होतं. आणि बातमीत नुसतं कलम लिहून भागवू नकोस, वाचणाऱ्याला १०३ शी काही देणंघेणं नाही, खुनाचा गुन्हा असं लिही.

यापुढचं मात्र खूप गंभीर आहे आणि ते पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं असतं, बऱ्याच ऑफिसात सांगत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी तो २२८ अ होता, आता संहितेचं कलम ७२ आहे. मूल असेल तर पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, आणि ७४ तर गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलालाही लागू होतं, म्हणजे आरोपी मूल असलं तरी त्याचं नाव द्यायचं नाही. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की आडवळणानंही ओळख पटेल असं काही छापायचं नाही. आता तू जिल्ह्यात आहेस, दीड हजार वस्तीच्या गावाचं नाव, मुलीची इयत्ता आणि 'आरोपी हा तिचा चुलता' एवढं लिहिलंस की गावाला सगळं कळलं. म्हणून अशा बातमीत गाव सोडून तालुका लिहायचा, आरोपी नातेवाईक असेल तर एक तर नातं किंवा त्याचं नाव यातलं काहीतरी सोडायचं, बऱ्याचदा दोन्ही. दुसऱ्या पेपरनं छापलंय म्हणून आपण छापायचं हे कारण चालत नाही. चीफ म्हणाला तरी शांतपणे कलम दाखव, बहुतेक चीफ ऐकतात कारण अडचणीत तेही येतात.

आत्महत्येच्या बातम्या मराठवाडा-विदर्भात तुझ्या वाट्याला येणारच. पद्धत वर्णन करायची नाही, चिठ्ठी छापायची नाही, एकच कारण ठोकून द्यायचं नाही, प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या सूचना आहेत त्या एकदा पूर्ण वाच. शेतकरी असेल तर अजून एक बाजू असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ती केस पात्र का अपात्र ठरवते, पात्र ठरली तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. जमीन नावावर आहे का, बँकेचं कर्ज थकलंय का असे निकष लागतात. बाई शेतात राबत असते पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं तोंडी घेतलेलं, मग कागदावर काहीच दिसत नाही आणि केस अपात्र होऊ शकते. पहिल्या दिवशीची बातमी सगळेच करतात. तीन महिन्यांनी समितीचं काय झालं आणि अपात्र का ठरवलं हे विचारायला क्वचितच कोणी जातं, तिथे ट्रेनीला जागा आहे, कारण त्यासाठी ओळखी लागत नाहीत, फक्त आठवण ठेवून परत जावं लागतं.

त्या घरात जाताना मात्र काही गोष्टी पाळ. आधी बस, पाणी दिलं तर घे, वही लगेच काढू नकोस. कोण आहेस आणि कुठून आलीस ते सांग, हे पेपरात छापून येईल हेही सांग, कारण गावाकडच्या बायकांना बऱ्याचदा वाटतं की सरकारी माणूस आलाय आणि आपण बोललो तर मदत मिळेल. तसं वाटू देऊन बोलायला लावणं हे मला फसवणुकीसारखंच वाटतं. लहान मुलांना बापाबद्दल विचारू नकोस, पेपरातल्या फोटोसाठी त्यांना बापाचा फोटो हातात धरून उभं करू नकोस. बोलायचं नाही म्हणाल्या तर नमस्कार करून ये, ऑफिसला काय सांगायचं ते नंतर बघता येतं. मी स्वतः अशी रिकाम्या हातानं परत आलेय आणि नंतर त्याच घरातून फोन आला की ताई आता या.

डायरीबद्दल दोन शब्द. पानाच्या उजव्या बाजूला एक रेघ मारून ठेव आणि प्रत्येक माहितीसमोर तिथे लिही कुणाकडून, कधी, समोर का फोनवर, आणि त्यानं स्वतः बघितलं का ऐकलं. घरी जाऊन नाही, तिथल्या तिथे. कॉपी लिहिताना ज्या वाक्यासमोर रेघेपलीकडे काही नाही ते वाक्य काढ किंवा एक फोन कर. फोनमध्ये रेकॉर्ड करतेस ते ठीक, पण रेकॉर्डिंगमध्ये माणसाची मान कुठे हलली ते येत नाही आणि रात्री आठ वाजता चाळीस मिनिटं ऐकायला वेळही नसतो.

माहिती अधिकार वापर, २००५ चा कायदा आहे, अर्जाला १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, त्यामुळे सगळं एकात कोंबू नकोस. मुख्य म्हणजे 'कामाची माहिती द्या' असं लिहिलंस तर काहीही येतं, 'कार्यारंभ आदेशाची आणि मुदतवाढीच्या पत्रांची प्रत' असं कागदाचं नाव घेऊन मागितलं की नेमकं मिळतं. म्हणजे परत तेच, कुठला कागद असतो हे माहीत हवं. आणि एखाद्या अधिकाऱ्याला 'आरटीआय टाकेन' म्हणून दम देऊ नकोस, जिल्ह्यात असे दम देणारे खूप आहेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या रिपोर्टरला दार उघडत नाहीत.

पत्रकार परिषदेत पाकीट देतात का, असं तू विचारलेलं नाहीस पण तू मुलगी आहेस आणि नवी आहेस म्हणून कुणीतरी हळूच 'मॅडम हे प्रवासखर्चाचं' म्हणेलच. घेऊ नकोस. भाषण देऊ नकोस, नुसतं 'ऑफिस देतं' म्हण आणि उठ. एकदा कळलं की परत विचारत नाहीत. जाहिरात आणायला सांगत असतील तर ते जरा अवघड आहे, छोट्या जिल्ह्यांत तालुका प्रतिनिधींचा निम्मा जीव त्यातच जातो हे मला माहीत आहे. तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ते काम नसेल तर नम्रपणे विचार की हे माझ्या कामात आहे का. ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्या संस्थेची बातमी आपण करायची नाही, एवढी तरी रेघ स्वतःपुरती मार.

रात्रीच्या कामाबद्दल, कारण आपण दोघी बायका आहोत. रात्री पोलीस स्टेशनला किंवा घटनास्थळी जायचं तर ब्युरोत कुणाला तरी सांगून जा, फोटोग्राफरबरोबर जा, परत यायची सोय ऑफिसनं करायची हे आधीच बोलून घे. त्यात कमीपणा नाही, मागायलाच हवं. पण 'तू मुलगी आहेस, क्राइम नको, महिला पुरवणी कर' असं म्हणाले तर ऐकू नकोस. पीडितेचे नातेवाईक, नर्स, अंगणवाडी ताई, आशा ताई अशी बरीच माणसं बाई समोर असेल तर मोकळं बोलतात, आणि तीच माणसं गावातलं खरं सांगणारी असतात. अंगावर येणं, धमकी, असं काही झालंच तर २०१७ मध्ये विधिमंडळानं पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध वेगळा कायदा मंजूर केलाय, तक्रार देताना त्याचा उल्लेख करायला सांग.

आता तुझा मूळ प्रश्न, जमत नाही असं समजायचं का. सहा महिन्यांत कॉपी बदलतात यावरून काहीच ठरत नाही, पंधरा वर्षं झालेल्यांच्याही बदलतात. मी नव्या मुलांमध्ये वेगळ्या गोष्टी बघते. एखादी घटना कळल्यावर पहिला फोन कुणाला करायचा हे न विचारता कळतं का. समोरच्यानं उत्तर टाळलं हे लक्षात येतं का, आणि तोच प्रश्न परत विचारायची हिंमत होते का. आपण लिहिलेलं चुकीचं ठरेल याची थोडी भीती वाटते का, ती वाटायलाच हवी. आणि जिच्याशी बोललीस ती बाई दुसऱ्या वेळी बाजारात दिसली तर तिच्याकडे सरळ बघता येतं का. यातलं निम्मं जरी होत असेल तर राहा. उलट असं असेल की वर्ष होत आलं तरी एकही बाहेरची असाइनमेंट मिळत नाही, किंवा न घडलेलं लिहायला लावतात, किंवा तुझ्या नावावर दुसऱ्याचे हिशेब चुकते करतायत, तर ऑफिस बदल. पेशा तिथेच सोडायची गरज नाही, दुसरीकडे कदाचित पैसे तेवढेच मिळतील पण शिकवणारा एखादा माणूस भेटेल, आणि मुलाखतीला जाशील तेव्हा संपादकाला भेटण्याआधी तिथल्या दोन वर्षं जुन्या ट्रेनीला भेट, खरं तोच सांगेल.

येत्या आठवड्यात एकच कर. तुमच्या नगरपालिकेच्या किंवा पंचायत समितीच्या पुढच्या सभेची विषयपत्रिका मिळव, सभेआधीच. त्यातला सगळ्यात रटाळ वाटणारा विषय घे, मुदतवाढ किंवा वाढीव खर्चाला मंजुरी असला काहीतरी, आणि सभा व्हायच्या आत त्याच्यामागचा कागद शोधून काढ. मिळाला की कॉपी कर, आणि हवं असेल तर तुझी मूळ कॉपी आणि छापून आलेली दोन्ही मला पाठव, नावं काढून. रविवारी मला सुट्टी असते, नीट बघून कळवते.